डबल बासच्या पिएझो पिकअपला वायरलेस लावलं आणि खर्जच गेला, काय चुकतंय?

खर्जवेडा

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण तीन दिवस झाले डोकं चालेनासं झालंय.

माझा थ्री-क्वार्टर साइजचा डबल बास आहे. ब्रिजच्या दोन्ही बाजूंच्या फटीत बसणारा साधा पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) पिएझो पिकअप आहे, वाद्याचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, दोन तुकडे दोन बाजूंना, आणि त्यांच्या बारीक वायरी टेलपीसवर बसवलेल्या जॅकमध्ये येतात. आजवर तिथून पाच मीटरची केबल, मग जमिनीवरचा प्रीअँप पेडल (पिकअपचा नाजूक सिग्नल अँपच्या आधी सावरणारा), मग अँप. आवाजाबद्दल कधी तक्रार नव्हती.

आता एका संगीत नाटकाला वाजवायचंय आणि नट माझ्या पुढून मागून सतत ये-जा करणार, त्यामुळे दिग्दर्शकांनी स्पष्ट सांगितलंय की जमिनीवर केबल चालणार नाही. म्हणून २.४ गिगाहर्ट्झची ती छोटी जोडी घेतली, एक तुकडा वाद्याच्या जॅकमध्ये खोचायचा आणि दुसरा अँपकडे. मी ट्रान्समीटर बासमध्ये लावला, रिसीव्हर त्याच प्रीअँप पेडलमध्ये लावला, बाकी एकही नॉब हलवला नाही.

जी तार ठीक वाटते, डी तार जरा बारीक, ए तारेपासून कमी व्हायला लागतं आणि ई तार म्हणजे शेजारच्या खोलीत रेडिओ चालू असल्यासारखी. बोटाचा टकटक आवाज तेवढा पुढे येतो पण मागचा घुमारा नाहीच. प्रीअँपवर बास वाढवला तर नुसती घरघर वाढते. तीन आठवड्यांवर प्रयोग आलाय. यंत्र खराब आलंय का मीच काही चुकतोय?

मंद्रसप्तक

यंत्र खराब नाहीये, निदान मला तसं वाटत नाही. तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. आधी पिकअप थेट प्रीअँपला जात होता, आता पिकअप थेट ट्रान्समीटरला जातो आणि प्रीअँप पलीकडच्या टोकाला आहे. म्हणजे वरातीमागून घोडे. प्रीअँप ट्रान्समीटरच्या आधी पाहिजे. मी अकरा वर्षं पिएझोवर वाजवतेय आणि वायरलेस लावताना नेमकं हेच करून बसले होते.

कारण नीट समजावून सांगणारे लोक इथे आहेत, ते येतीलच.

वायरच बरी

जरा थांबा. माझ्याकडे पण पॅसिव्ह पिएझोच आहे, ब्रिजच्या पायाखाली बसणारा, आणि अशीच खोचायची जोडी मी दोन वर्षं वापरली. मध्ये प्रीअँप वगैरे काहीही नाही. केबल लावून आणि वायरलेस लावून मी दोन्ही रेकॉर्ड केलंय, ई तारेत मला फरक ऐकू आला नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी प्रीअँप आधी लागतोच असं जे सगळे सांगतात ते मला पटत नाही. बॅटरी आणि सिग्नल तुटण्याच्या कटकटीमुळे मी स्वतः परत केबलवर आलो, पण आवाजाची तक्रार नव्हती. खर्जवेडा, आधी यंत्र बदलून मिळतंय का बघा.

सोल्डरवाला

दोघंही खरं बोलताय असं मला वाटतंय, आणि ते मोजून दाखवता येईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिएझो म्हणजे दाब पडला की विद्युतभार तयार करणारा पदार्थ. हा गुण ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर दाखवला, आपल्या पिकअपमध्ये बहुतेक वेळा सिरॅमिक किंवा प्लास्टिकची पट्टी असते. गिटारच्या चुंबकी पिकअपमध्ये तारेचं वेटोळं असतं. इथे वेटोळं नाही, इथे आहे एक छोटासा कपॅसिटर, आणि तोही फार लहान. तो पुढच्या यंत्राच्या इनपुटला जोडला की कपॅसिटर आणि इनपुटचा रोध मिळून आपोआप हायपास फिल्टर तयार होतो. तुम्ही तो लावलेला नसतो, कुठल्या नॉबवर दिसत नाही, पण असतो. रोध जेवढा कमी तेवढा हा फिल्टर वर सरकतो आणि खर्ज खातो.

सूत्र साधं आहे, १ भागिले (२ गुणिले पाय गुणिले रोध गुणिले कपॅसिटन्स). समजा पिकअप १ नॅनोफॅरडचा आहे आणि इनपुट १ मेगाओहमचं, तर फिल्टरचा कोपरा, म्हणजे ज्याच्या खाली आवाज उतरत जातो ती जागा, येतो १५९ हर्ट्झला. बासची मोकळी ई तार आहे ४१.२ हर्ट्झ, ए ५५, डी ७३.४, जी ९८. म्हणजे चारही मोकळ्या तारांचे मूळ स्वर फिल्टरच्या खालीच पडले! तेच इनपुट १० मेगाओहमचं असेल तर कोपरा १५.९ हर्ट्झ, सगळं वाद्य सुखरूप. वायरलेसचे ट्रान्समीटर गिटार डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात, त्यांचं इनपुट साधारण १ मेगाओहमच्या आसपास असतं, काहींचं त्याहून कमी. चुंबकी पिकअपला ते भरपूर झालं, छोट्या पिएझोला नाही. पिएझोसाठी बनवलेल्या प्रीअँपचं इनपुट त्यामुळेच बरेचदा १० मेगाओहम ठेवतात.

आणि हे नुकसान पहिल्याच इनपुटला होतं. पुढे कितीही चांगला प्रीअँप लावा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. बास नॉब वाढवलात की उरलेला थोडा खर्ज आणि त्याच्याबरोबर रेडिओच्या वाटेत आलेला सगळा खरखराट दोन्ही वर येतात, तुम्ही म्हणताय ती घरघर तीच.

आता दोघांना विनंती. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर मिळवा, केबल काढून टाका, थेट बासच्या जॅकवर मोजा आणि आकडा इथे टाका. मीटरच्या स्वतःच्या वायरी मोकळ्या ठेवून जो आकडा येतो तो वजा करा. पिकअपच्या आत बॅटरीवाला प्रीअँप असेल तर मात्र हे मोजून उपयोग नाही.

खर्जवेडा

एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. मित्राचा मीटर आणला. १.८ नॅनोफॅरड आलं, तीनदा मोजलं.

वायरच बरी

माझं ६.२ नॅनोफॅरड.

सोल्डरवाला

बघा, इथेच सगळं उलगडलं.

खर्जवेडा, १.८ नॅनोफॅरड आणि १ मेगाओहम, कोपरा ८८ हर्ट्झला. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर साधारण ७.५ डीबी खाली जातो, ए तारेचा ५.५, आणि जी तारेचा जेमतेम २.६. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये कानाने जे वर्णन केलंत, जी ठीक, मग उतरत उतरत ई गायब, तेच आकड्यात आलं. कान चांगला आहे तुमचा.

वायरच बरी, तुमचा ६.२, त्याच इनपुटवर कोपरा २६ हर्ट्झच्या आत. ई तारेला दीड डीबीचाही फटका नाही. शिवाय तुमच्या अँपचं इनपुट पण १ मेगाओहमच असणार, बहुतेक बास अँपचं तसंच असतं, म्हणजे केबलने वाजवताना पण तोच रोध आणि वायरलेसने पण तोच. फरक ऐकू यायला जागाच नव्हती. तुमचा अनुभव खरा आहे, फक्त तो तुमच्या पिकअपपुरता खरा आहे.

अजून एक बारीक गोष्ट जी मला फार आवडते. केबलचा पण कपॅसिटन्स असतो, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. चुंबकी पिकअपला लांब केबल लावली की वरचे स्वर मंद होतात. पिएझोला तसं होत नाही, पिएझो स्वतःच कपॅसिटर असल्यामुळे केबल फक्त एकूण आवाज कमी करते, वरचं खालचं सारखंच. पाच मीटर केबलने खर्जवेडांच्या पिकअपचा आवाज २ डीबीने खाली जात असणार. म्हणून काही वायरलेस सिस्टीममध्ये लांब केबलची नक्कल करायचं जे बटण असतं ते पिएझोवाल्यांनी बंदच ठेवावं, आपल्या वाद्याला ती नक्कल लागू होत नाही, उगाच वरची धार जाते.

वायरच बरी

मान्य. मी दोन वर्षं लोकांना सांगत होतो की हा प्रीअँपचा बागुलबुवा आहे, त्यातल्या एक-दोघांचे पिकअप छोटे असणार. त्यांना हा धागा पाठवतो.

खर्जवेडा

मग आता करू काय? माझा पेडल जमिनीवरचा आहे, तो बासवर चढवता येणार नाही, वजनच केवढं आहे. आणि पेडल जमिनीवर ठेवला तर पुन्हा केबल आलीच.

सोल्डरवाला

पूर्ण प्रीअँप चढवायची गरज नाही, बफर पुरे. एक जेफेट (एका प्रकारचा ट्रान्झिस्टर), इनपुटला १० मेगाओहमचा रोध, चार-पाच सुटे भाग आणि ९ व्होल्टची बॅटरी. छोट्याशा डबीत बसतं. त्याचं काम आवाज वाढवायचं नाहीच, पिकअपला मोकळं ठेवायचं आणि पुढच्या यंत्राला दणकट सिग्नल द्यायचा एवढंच. करंट १ मिलीअँपियरच्या आत लागतो, ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी साधारण ५०० मिलीअँपियर-तासांची असते, म्हणजे शेकडो तास चालते. तयार पण मिळतात, पट्ट्याला अडकवायचे छोटे प्रीअँप मिळतात ते पण चालतील, फक्त इनपुटचा आकडा वाचून घ्या.

स्वतः करणार असाल तर दोन गोष्टी. डबी धातूची घ्या, कारण १० मेगाओहमचं इनपुट म्हणजे आजूबाजूची सगळी गुणगुण गोळा करणारा अँटेना. आणि सोल्डरिंग झालं की बोर्डावरचा फ्लक्स (सोल्डरबरोबर येणारा चिकट पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून पुसा. एवढ्या मोठ्या रोधाला तो चिकट थर पण वाट देतो, दमट हवेत तर नक्कीच, आणि मग कागदावरचे १० मेगाओहम प्रत्यक्षात किती उरले ते सांगता येत नाही.

मंद्रसप्तक

बफर, ट्रान्समीटर हे सगळं बासवर लावणार कुठे त्याबद्दल मला लिहायचंय, कारण सर्किटइतकाच त्रास मला ह्याने दिलाय.

खोचायचा ट्रान्समीटर टेलपीसवरच्या जॅकमध्ये लावला की तो तिथे लोंबकळतो. गिटारमध्ये जॅक लाकडात घट्ट बसवलेला असतो, आपल्याकडे तो एका पट्टीवर किंवा ब्रिजखालच्या तारांना चिमट्याने धरलेला असतो. प्रत्येक जोरात ओढलेल्या स्वराबरोबर तो हलतो आणि सगळा ताण येतो पिकअपच्या केसासारख्या वायरीवर. माझ्या पिकअपची वायर बरोबर जॅकच्या सोल्डरपाशीच तुटली, तालमीत तुटली म्हणून वाचले.

दुसरं म्हणजे आवाज. एकदा दोन संध्याकाळ मी एक बझ शोधत होते. फक्त ए तारेवरचा सी वाजवला की झर्रर्र यायचं, बाकी स्वरांना काही नाही. साउंडपोस्ट बघितला, एफ-होलच्या कडा बघितल्या, एंडपिनचा स्क्रू आवळला, फिंगरबोर्डखाली हात फिरवून बघितलं. शेवटी मैत्रिणीने वाजवलं आणि मी कान टेलपीसला लावला तर ट्रान्समीटरची वळणारी मान जॅकच्या पत्र्याला अगदी नखभर घासत होती. फेल्टचा तुकडा मध्ये घातला, गप्प.

तिसरं, टेलपीसचं वजन. टेलपीस स्वतः पण कंप पावतो, त्याच्यावर शंभर-दीडशे ग्रॅम चढवले की त्याचा कंप बदलतो आणि वाद्याचा स्वभाव थोडा बदलतो. काही वेळा वूल्फ नोट (वाद्यातच अडखळून गुरगुरणारा स्वर) जागेवरून सरकतो, कधी फायद्याचं होतं कधी तोट्याचं. म्हणून मी आता टेलपीसवर फक्त जॅक ठेवते. त्यातून वीत-दीड वीत लवचिक केबल निघते, आणि बफर आणि ट्रान्समीटर दोन्ही एका कापडी पिशवीत घालून ती टेलपीसच्या खालच्या टोकाला, सॅडलजवळ, वेल्क्रोने बांधते. तिथे हालचाल सगळ्यात कमी. केबलला एक सैल वळसा ठेवा, ताणून बांधू नका. पट्ट्याला लावायचा बॉडीपॅक असेल तर तो सरळ कमरेला लावता येतो पण मग बास खाली ठेवताना प्रत्येक वेळी आठवण ठेवावी लागते, मी दोनदा विसरले आणि दोन्ही वेळा बास माझ्याबरोबर यायला निघाला.

फेडरपाशी

मी वाजवत नाही, मिक्सिंग करतो, पण बासवाल्यांचं वायरलेस माझ्याच डेस्कवर येतं म्हणून लिहितो.

एक. बफर लावलात की खर्ज परत येईल, त्याच्याबरोबर खर्जाच्याही खालचं सगळं येईल. पायाचा ठेका, स्टेजचा धक्का, बास कुशीला टेकताना होणारा धप्प, हे १० ते २० हर्ट्झचं असतं, ऐकू येत नाही पण पिएझो ते इमानदारीने पाठवतो. ट्रान्समीटरच्या इनपुटची क्षमता ठरलेली असते आणि हे न ऐकू येणारं धूड त्यातली अर्धी जागा खातं, मग जोरात पिझिकाटो (बोटाने तार छेडून) मारला की ट्रान्समीटर फाटतो आणि सगळ्यांना वाटतं पिकअप वाईट आहे. म्हणून जमलं तर बफरमध्येच ३० हर्ट्झच्या आसपास हायपास ठेवा, ट्रान्समीटरच्या आधी. पुढे माझ्याकडे फिल्टर असतोच पण फाटलेला आवाज मला शिवता येत नाही.

दोन. ट्रान्समीटरवर गेन (सिग्नल वाढवायचा नॉब) किंवा पॅड (सिग्नल कमी करायचं बटण) असेल तर तो तालमीच्या जोरावर लावू नका. तुमचा सगळ्यात दणकट स्लॅप मारा, लाल दिवा लागेपर्यंत वाढवा आणि तिथून चांगला ६ डीबी खाली या. पिएझोचा पहिला फटका फार उंच असतो, सरासरी आवाज बघून अंदाज येत नाही.

तीन. रिसीव्हर कुठे ठेवता ते बघा. बासवाला वाद्याच्या मागे उभा, टेलपीस प्रेक्षकांच्या बाजूला, आणि अँप बासवाल्याच्या पाठीमागे. म्हणजे रिसीव्हर अँपवर ठेवला तर मध्ये अख्खा माणूस आला. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, माणसाच्या शरीरातलं पाणी तिला चांगलंच अडवतं. लाकूड एवढं अडवत नाही. रिसीव्हर बाजूला किंवा पुढे, टेलपीस दिसेल असा ठेवा, तिथून अँपपर्यंत केबल टाका, ती कडेने नेता येते.

चार. रिकाम्या हॉलमध्ये सिग्नल छान आला म्हणून निश्चिंत होऊ नका. प्रेक्षक आले की शेकडो शरीरं आणि शेकडो फोन येतात, आणि त्या फोनांचं वायफाय, ब्लूटूथ ह्याच पट्ट्यात आहे. हॉलचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेता येतं का विचारा. यूएचएफ सिस्टीम माणसांना जास्त सहज वळसा घालते पण तिथे कुठल्या फ्रिक्वेन्सी चालतात, परवाना लागतो का, हे देशागणिक वेगळं आहे, ते बघून घ्यावं लागतं. आणि जुन्या अ‍ॅनालॉग यूएचएफमध्ये आवाज दाबून पाठवायचा आणि पलीकडे फुलवायचा असा प्रकार असतो, लांब विरत जाणाऱ्या बास स्वराच्या शेपटीला त्याचा श्वास घेतल्यासारखा आवाज ऐकू येतो. डिजिटलमध्ये ती भानगड नाही.

गजकरी

मी जास्त करून गजाने वाजवते म्हणून विचारते. डिजिटलमध्ये आवाज उशिरा येतो म्हणतात, त्याचा त्रास होतो का? गजाच्या स्वराची सुरुवात आधीच हळू असते.

मंद्रसप्तक

मला गजाने कधीच जाणवला नाही, बोटाने जलद लयीत वाजवताना सुरुवातीला थोडं जाणवलं आणि आठवड्यात सवय झाली. बहुतेक डिजिटल सिस्टीमचा उशीर २ ते ६ मिलिसेकंदांचा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ४ मिलिसेकंद म्हणजे अँपपासून सव्वा-दीड मीटर अजून लांब उभं राहणं, तेवढं लांब तर आपण असतोच.

गजाला खरा धोका वेगळा आहे. पिएझो मुळात गजाला थोडा कर्कश असतो, खर्ज गेला तर अजूनच करवतीसारखा लागतो. म्हणून गजवाल्यांना बफर आमच्यापेक्षा जास्त लागतो असं माझं मत.

फेडरपाशी

उशिराबद्दल एक अडचण आहे जी वाजवणाऱ्याला कळत नाही, मला कळते. गजासाठी पुष्कळ जण पिएझोबरोबर एक माइक पण लावतात. माइक केबलने, पिएझो वायरलेसने. आता माइक एका फुटावर, म्हणजे त्याला साधारण १ मिलिसेकंद, आणि पिएझोला ४. फरक ३ मिलिसेकंद. दोन्ही सारख्या आवाजात मिसळले की १६७ हर्ट्झला एकमेकांना खोडतात, मग ५०० ला, मग ८३३ ला. १६७ म्हणजे जी तारेवरच्या वरच्या ई च्या अगदी शेजारी. तोच मोकळ्या ई तारेचा चौथा हार्मोनिक, म्हणजे खालचा स्वर पण पोकळ होतो. मी एकदा पूर्ण साउंडचेकभर इक्यूने तो खड्डा भरायचा प्रयत्न केला आणि भरेना, कारण जे एकमेकांना खोडतंय ते दोन्हीकडे वाढवलं तरी खोडतच राहतं. पोलॅरिटी उलटवली, म्हणजे एका सिग्नलचं वरचं खाली केलं, तर खड्डा सरकला पण तळचा खर्जच गेला.

उपाय सोपा निघाला, डेस्कवर माइकच्या चॅनलला ३ मिलिसेकंदांचा डिले. पहिल्याच स्वराला वाद्य परत एक झालं. तेव्हापासून बासवाला आला की मी आधी विचारतो, वायरलेस आहे का आणि उशीर किती.

गजकरी

हे सोनं आहे. माझा माइक आणि पिएझो कधीच जुळत नव्हते आणि मी माइक बदलत बसले होते.

खर्जवेडा

आठ दिवसांनी परत आलोय. बफर झाला!

सोल्डरवाला यांनी सांगितलं तसाच केला, धातूची डबी, १० मेगाओहम, फ्लक्स दोनदा पुसला. हायपास ३० हर्ट्झला ठेवला. काल रात्री जोडला आणि मोकळी ई तार छेडली, खोलीच्या दाराची कडी थरथरली. तीच कडी केबलच्या दिवसांत थरथरायची, मधल्या काळात गप्प होती. मी तीच एक तार पाच मिनिटं वाजवत बसलो होतो.

पण एक नवीन अडचण. बारीक सुंई असा आवाज येतोय, वाजवत नसताना जास्त कळतो. ट्रान्समीटर हाताने धरून डबीपासून लांब नेला की जातो, जवळ आणला की येतो.

सोल्डरवाला

अभिनंदन! सुंई ट्रान्समीटरचीच आहे. तो सलग बोलत नाही, तुकड्यातुकड्यांत पाठवतो, आणि ते तुकडे जेफेटच्या इनपुटला शिरून ऐकू येणाऱ्या आवाजात बदलतात. ट्रान्समीटर आणि बफर एकाच पिशवीत शेजारी शेजारी असणार. दोघांत वीतभर अंतर ठेवा, बफर पिकअपच्या बाजूला आणि ट्रान्समीटर त्याच्या पुढे. पिकअपपासून बफरपर्यंतची वायर जितकी आखूड आणि शिल्डवाली तितकं चांगलं, बफरनंतरची केबल थोडी लांब असली तरी बिघडत नाही. डबीचं झाकण ग्राउंडला लागतंय ना ते मीटरने बघा, रंगवलेल्या डब्यांत बरेचदा झाकण नुसतं बसलेलं असतं, जोडलेलं नसतं.

खर्जवेडा

झाकणच होतं! स्क्रूखालचा रंग खरवडला, सुंई जवळजवळ गेली. मग पिशवीच्या ऐवजी दोन खण शिवून घेतले, वर बफर आणि खाली ट्रान्समीटर, उरलेली पण गेली.

वायरच बरी

प्रयोगाला जाताना एक केबल मात्र बासच्या कव्हरमध्ये असू द्या आणि ती कुठून न्यायची ते आधी ठरवून ठेवा. ट्रान्समीटर आतल्या बॅटरीवर चालणारा असेल तर त्याच दिवशी पूर्ण चार्ज करा, आदल्या रात्रीचा भरवसा नको. माझं वायरलेस सुटलं ते ह्याच कारणाने, दुसऱ्या अंकात मेलं आणि पर्याय नव्हता.

खर्जवेडा

पहिला प्रयोग काल झाला. रिसीव्हर विंगेत स्टँडवर ठेवला, टेलपीसच्या समोर. मध्यंतरात ट्रान्समीटर बदलला, दुसरी चार्ज केलेली जोडी मित्राने दिली होती. पहिल्या अंकात एकदा अर्धा सेकंद आवाज तुटला, नटांचा घोळका नेमका माझ्यासमोर उभा होता तेव्हा. रिसीव्हर तीन फूट वर चढवला, नटांच्या डोक्यांच्या वरून, नंतर एकदाही नाही. केबल कव्हरमध्येच राहिली.

नवा_सभासद

धागा पूर्ण वाचला. माझा पाच तारांचा बास आहे, खाली बी. बफर आणि फिल्टर तसाच चालेल का?

सोल्डरवाला

बफर तसाच चालेल. मोकळी बी तार ३०.९ हर्ट्झची, त्यामुळे हायपास ३० वर ठेवू नका, २५ च्या खाली घ्या आणि ट्रान्समीटरचा गेन अजून थोडा कमी ठेवा. पिकअप किती नॅनोफॅरडचा आहे ते मोजून टाका, मग पुढचं बघू.